पवनीचे फोटो भंडाऱ्याला

"सर, मोबाइलवरून फोटो पाठवला का फ्लेक्सवर फाटते. काहून जी?"

भंडाऱ्यात संगणकाचे वर्ग घेताना हा प्रश्न मी किती वेळा ऐकलाय याची मोजदाद नाही. विचारणारा कधी फ्लेक्सच्या दुकानातला पोरगा असतो, कधी काकांच्या वाढदिवसाचा फलक लावायला निघालेला पुतण्या. यंदा विचारणारा पवनीचा एक फोटोग्राफर होता आणि त्याची अडचण फलकाएवढी नव्हती, लग्नाएवढी होती. एका लग्नाचे हजारभर फोटो. अल्बमची मांडणी करणारा त्याचा जोडीदार भंडाऱ्यात. हंगामात आठवड्यातून तीनदा हा माणूस पेनड्राइव्ह खिशात घालून एसटीत बसायचा, भंडाऱ्याला उतरायचा, फाइली उतरवून द्यायचा आणि परतीची गाडी धरायचा. "यासाठी काही सोय नाही का जी?" असं त्याने विचारलं. सोय आहे, आणि पन्नास वर्षांहून जुनी आहे. या प्रकरणात ती आपल्या हाताने उभी करायची आहे.

एक खुलासा आधीच. पुढच्या आज्ञा मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टंकायच्या. स्पेलिंगचा घोळ होण्यासारखा असेल तिथे अक्षरं फोडून सांगितली आहेत.

१. तांदूळ पेरता येत नाही

आधी फोटो का फाटतो, ते पाहू. धान मिलमध्ये नेला, भरडला, कोंडा-तूस निघालं आणि पांढरा तांदूळ घरी आला. भाताला तो उत्तम. पण उद्या तोच तांदूळ पऱ्ह्यात टाकला तर उगवेल का? बियाण्याला धानच लागतो.

व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो म्हणजे भरडलेला तांदूळ. समोरच्याचा डेटा वाचावा आणि फोटो झटकन पोहोचावा म्हणून ॲप तो मुद्दाम लहान करतं. मोबाइलच्या पडद्यावर फरक कळतही नाही. आता हिशेब करा. कॅमेऱ्यातला मूळ फोटो ६००० बिंदू रुंद आणि ४००० बिंदू उंच, म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदूंचा. लहान केल्यावर त्याची रुंदी साधारण १६०० बिंदूंच्या आसपास येते, म्हणजे उरले जेमतेम १७ लाख बिंदू. तो ६ फुटी फलकावर छापा. ६ फूट म्हणजे ७२ इंच. मूळ फोटोला इंचामागे ८३ बिंदू मिळतात, लहान केलेल्याला फक्त २२. एकेक ठिपका मिलिमीटरहून मोठा झाला की नवरदेवाचा चेहरा फाटणारच.

दोन-चार फोटो असतील तर उपाय सोपा आहे. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळचा जसाच्या तसा जातो. त्यासाठी सर्व्हर उभा करायची गरज नाही, आणि जो करायला सांगेल त्याचं ऐकू नका. पण हजार फोटो, तेही दर आठवड्याला, फोल्डरच्या फोल्डर, मध्येच तुटले तर तिथूनच पुढे चालू होणारे हवे असतील तर वेगळी वाट लागते.

२. एसटीचा वेग किती?

ती वाट धरण्याआधी एक गणित. ते पवनीच्या गड्याला मी फळ्यावर करून दाखवलं, तेव्हा तो जरा नाराजच झाला.

एक फोटो ८ एमबीचा धरा. हजार फोटो म्हणजे ८००० एमबी. पवनीहून भंडाऱ्यापर्यंत दारापासून दारापर्यंत दीड तास, म्हणजे ५४०० सेकंद. ८००० भागिले ५४००, म्हणजे सेकंदाला सुमारे दीड एमबी. इंटरनेटवाले वेग 'एमबीपीएस'मध्ये सांगतात आणि तिथेच सगळे फसतात. त्यांचा बी हा बिटचा, आपल्या फाइलचा बी हा बाइटचा. ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे दीड एमबीला ८ ने गुणा, आला सुमारे १२ एमबीपीएस. हा झाला आपल्या एसटीचा वेग.

आता घरच्या जोडणीवर फाइल वर चढवायचा वेग १० एमबीपीएस असेल, तर ८ ने भागून सेकंदाला सव्वा एमबी, आणि ८००० एमबीला ६४०० सेकंद, म्हणजे पावणेदोन तास. एसटी जिंकली! ६४ जीबीचा पेनड्राइव्ह काठोकाठ भरून नेला तर एसटीचा वेग ९५ एमबीपीएसपर्यंत जातो. पेनड्राइव्हला नावं ठेवायचं कारण नाही.

फरक एवढाच की फाइली वर चढत असताना माणूस दुकानात बसून दुसऱ्या लग्नाचे फोटो निवडू शकतो. किंवा झोपू शकतो. जोडणी ५० एमबीपीएसची असेल तर तेच काम एकवीस-बावीस मिनिटांत होतं. तुमच्या जोडणीचा वर चढवायचा वेग आधी मोजा. उतरवायचा वेग जाहिरातीत ठळक असतो, आपल्याला हवा तो दुसरा.

३. सर्व्हर म्हणजे काय मोठं?

सर्व्हर म्हटलं की थंडगार खोलीतली, दिवे लुकलुकणारी कपाटं डोळ्यांसमोर येतात. असतात तशीही. पण सर्व्हर हे एका कामाचं नाव आहे. कोणी दार वाजवेल याची वाट पाहत बसणं आणि वाजवलं की मागेल ते देणं किंवा आणलेलं ठेवून घेणं, एवढंच ते काम. गावातल्या पोस्टाच्या खिडकीमागे बसलेला माणूस जे करतो तेच. ते काम करणारा प्रोग्राम ज्या संगणकावर चालू असेल तो त्या वेळेपुरता सर्व्हर. दार वाजवणारा तो क्लायंट.

आम्ही वापरला एक दहा वर्षांचा लॅपटॉप. त्याचा पडदा कोपऱ्यात काळवंडला होता आणि 'ए'ची कळ निघालेली होती. जुन्या लॅपटॉपचा एक फायदा कोणी सांगत नाही. त्याच्या पोटात बॅटरी असते, म्हणजे वीज गेली तरी घरचाच इन्व्हर्टर. बॅटरी पार मेलेली असेल तर मात्र हा फायदा सोडा.

४. कानपूरचा विद्यार्थी आणि २१ नंबरचं तुडूम

एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर नेण्याचे नियम पहिल्यांदा लिहून काढणारा माणूस भारतीय होता. अभय भूषण. अलाहाबादचा जन्म, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली बाहेर पडले आणि अमेरिकेत एमआयटीला गेले. तिथे १६ एप्रिल १९७१ या तारखेच्या एका टिपणात त्यांनी फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल मांडला. हाच तो एफटीपी. प्रोटोकॉल म्हणजे बोलण्याची ठरलेली रीत. मंडईत धान आणला की आधी नाव, मग माल, मग काटा, मग पावती, हा क्रम दोघांनाही ठाऊक असतो म्हणून काम पुढे सरकतं. तसंच हे. वर्ल्ड वाइड वेब यायला तेव्हा आणखी वीस वर्षं होती. पुढे १९८५ साली जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी या नियमांची जी आवृत्ती लिहिली, तिच्याच पायावर आजचा एफटीपी उभा आहे.

आता पोर्ट समजून घेऊ. आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजावणं सोपं आहे, कारण इथे मामा तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी १९५१ साली संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्या लांबलचक नावाचं लोकांनी 'मामा' करून टाकलं. तलावाच्या पाळीत पाणी सोडायला तुडूम असतं. ते उघडलं की पाटाने पाणी ठरलेल्या बांध्यांत जातं. एका तलावाला दोन तुडुमं असली तर या तुडुमाचं पाणी या अंगाला, त्या तुडुमाचं त्या अंगाला. संगणकाच्या पाळीला अशी ६५ हजारांवर तुडुमं, म्हणजेच पोर्ट, आहेत, प्रत्येकाला नंबर आहे आणि बहुतेक बंद असतात. एफटीपीचं तुडूम २१ नंबरचं.

एफटीपीचं एक वैशिष्ट्य असं की त्याला दोन वाटा लागतात. २१ वर फक्त बोलणं होतं आणि माल दुसऱ्याच तुडुमातून जातो. ही दुसरी वाट कोणी उघडायची, यावरून राउटर आणि फायरवॉल यांच्याशी त्याचे कायम खटके उडतात. नाव-पासवर्ड बरोबर, आत शिरला, आणि फाइलींची यादी मागितली की गाडी थांबली, असं झालं तर समजा दुसरी वाट अडली आहे.

पण खरी अडचण निराळी. भूषण यांच्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या, सगळे ओळखीचे. त्यामुळे एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. मधला कोणीही वाचू शकतो. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असे पासवर्ड चोरून टिपले. तिथल्या तातू युलनेन या संशोधकाने त्यानंतर एसएसएच लिहिलं, म्हणजे दोन संगणकांमधलं बोलणं कुलूपबंद पेटीतून नेणारी रीत. पोर्टच्या नंबरासाठी त्याने अर्ज केला. २१ एफटीपीचा, २३ टेलनेटचा, मधला २२ मोकळा होता. तो त्याला मिळाला.

याच पेटीतून फाइली नेण्याची रीत म्हणजे एसएफटीपी. नावात एफटीपी असलं तरी ती जुन्या एफटीपीला कुलूप लावून झालेली नाही, मुळातून वेगळी लिहिलेली आहे. बोलणं आणि माल दोन्ही एकाच २२ नंबरच्या तुडुमातून जातं, त्यामुळे दुसऱ्या वाटेची कटकट मिटली. जुन्या एफटीपीला क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी २०२१ साली निरोप दिला. नव्याने उभं करायचं तर एसएफटीपीच करा. इथून पुढे आपण तेच धरून चालू.

५. काळ्या खिडकीत

लॅपटॉपवर आम्ही उबंटू नावाचं लिनक्स टाकलं होतं. त्यात टर्मिनल उघडलं की काळी खिडकी येते. वर्गातली पोरं तिला घाबरतात, कारण तिथे दाबायला बटणं नाहीत. उलट बघा. बटणांच्या खिडकीत काय बिघडलं ते कळत नाही, काळी खिडकी मात्र प्रत्येक वेळी उत्तर देते. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच असतं. काम झालं, सांगण्यासारखं काही नाही.

पहिली आज्ञा:

सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर

'सुडो' म्हणजे "हे मी घरमालक म्हणून सांगतोय." 'एपीटी' हा दुकानात जाऊन प्रोग्राम आणणारा गडी. इन्स्टॉल म्हणजे बसव. शेवटचं नाव प्रोग्रामचं. पासवर्ड मागेल. तो टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. आमच्या वर्गात दर तुकडीत एक जण तरी कीबोर्ड बिघडला म्हणून हात वर करतो. कीबोर्ड ठीक असतो. टंकत राहा, एंटर दाबा.

बसवून झालं की चालू झालं का हे बघायला स्वतःच्याच घराचं दार वाजवा:

एसएफटीपी लोकलहोस्ट

लोकलहोस्ट म्हणजे मी स्वतः. पासवर्ड दिल्यावर 'एसएफटीपी' आणि पुढे बाणाचं टोक दिसलं, की सर्व्हर उभा राहिला. 'बाय' टंकून बाहेर या. एवढंच. लोकांना वाटतं याच्यापुढे काहीतरी मोठं असेल.

आता पत्ता. 'होस्टनेम', मग जागा सोडून डॅश आणि मोठा आय. उत्तर येईल १९२.१६८.१.१० असं काहीतरी. दुकानातल्या राउटरने या लॅपटॉपला दिलेला हा घरातला पत्ता. आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच गोंधळ झाला. रात्री वीज गेली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि सकाळी त्याने लॅपटॉपला दुसराच पत्ता दिला. काल चालणारं आज बंद. मी अर्धा तास सर्व्हरला दोष देत होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये या लॅपटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवला, मग संपलं. लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपतो, हेही विसरू नका. झाकण लावलं तरी जागा राहा, असं त्याला सेटिंगमधून सांगावं लागतं. नाही जमलं तर झाकण उघडं ठेवा, आम्ही सुरुवातीला तेच केलं.

६. धुरा कोणाचा?

पवनीवाल्यासाठी वेगळं खातं काढायचं:

सुडो ॲडयूजर पवनी

(ॲडयूजर एकच शब्द, त्यात दोन डी.) पासवर्ड विचारेल, बाकीच्या प्रश्नांना एंटर चालतो. पण हे खातं आहे तसं दिलं तर पवनीहून आत आलेला माणूस लॅपटॉपभर हिंडून बऱ्याच गोष्टी पाहू शकतो. तसं नको. त्याला त्याची एक बांधी आखून द्यायची आणि तिच्या धुऱ्याबाहेर त्याला काही दिसूच नये. धुरा म्हणजे शेताची हद्द. याला संगणकाच्या भाषेत सीएच-रूट म्हणतात.

एसएसएचच्या सेटिंगची फाइल 'ईटीसी' फोल्डरातल्या 'एसएसएच' फोल्डरात असते, नाव 'एसएसएचडी-कॉन्फिग', मधली रेघ खालची. तिच्या अगदी शेवटी तीन ओळी लिहायच्या. पहिली 'मॅच यूजर पवनी', म्हणजे पुढचं फक्त पवनीला लागू. दुसरी 'सीएचरूटडिरेक्टरी' आणि पुढे त्याच्या बांधीचा पत्ता, आम्ही 'एसआरव्ही' फोल्डरात 'पवनी' नावाचं फोल्डर केलं होतं. तिसरी 'फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी', म्हणजे याला फक्त फाइलींची ने-आण करू द्या, बाकी काही नाही. फाइल जतन केल्यावर 'सुडो एसएसएचडी', जागा, 'डॅश टी' अशी आज्ञा दिली तर ती लिहिलेलं तपासून देते. चूक नसेल तर गप्प बसते. मग 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच'.

इथे माझे दोन तास गेले. पवनीच्या नावाने आत शिरायला जावं, पासवर्ड घ्यावा आणि लगेच दार आपटावं. पडद्यावर ओळ एकच, जोडणी तुटली. पासवर्ड बदलला, पुन्हा बसवलं, लॅपटॉप बंद-चालू केला. शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं आणि 'व्हार' मधल्या 'लॉग' फोल्डरात 'ऑथ डॉट लॉग' नावाची नोंदवही उघडली. तिच्यात सरळ लिहिलं होतं की बांधीच्या फोल्डराची मालकी बरोबर नाही.

मी शहाणपणा करून ते फोल्डर पवनीच्या नावावर केलं होतं. त्याची बांधी, त्याच्या नावावर, यात चूक काय? चूक आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. धुरा ज्याच्या हातात तो दरसाल वीतभर सरकवतो. म्हणून एसएसएचचा नियम कडक आहे. धुरा घरमालकाचा, म्हणजे 'रूट'चाच असला पाहिजे आणि दुसऱ्या कोणाला त्यात बदल करता येता कामा नये. पिकवायला आत एक वेगळं फोल्डर काढायचं आणि ते त्याच्या नावावर करायचं. आम्ही आत 'आवक' काढलं. बाहेरचं 'पवनी' रूटचं, आतलं 'आवक' पवनीचं. मालकी बदलायची आज्ञा सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, परवानग्या ठरवायची सी-एच-एम-ओ-डी.

या दुसऱ्या आज्ञेतला ७५५ हा आकडा तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. तो मंत्र नाही, बेरीज आहे. वाचायला ४, लिहायला २, आत शिरायला १. तिन्ही मिळून ७. नुसतं वाचणं आणि शिरणं ५. पहिला आकडा मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा बाकी जगाचा. ७५५ म्हणजे मालक सगळं करील, बाकीचे बघतील आणि फिरतील, पण बदलणार नाहीत. धुऱ्याला तेच हवं. कोणी तुम्हाला "काही चालत नसेल तर ७७७ कर" असं सांगितलं तर तो सल्ला कानाआड करा. ती सगळ्या गावाला दिलेली किल्ली आहे.

७. पवनीच्या बाजूने

फोटोग्राफरकडे विंडोज होतं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएफटीपी आधीच बसवलेलं येतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. सरावासाठी त्याला भंडाऱ्यातच, त्याच राउटरवर बसवलं. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्याने टंकलं: एसएफटीपी, जागा, पवनी, मग ॲटचं चिन्ह, मग लॅपटॉपचा पत्ता. म्हणजे "या पत्त्यावरच्या घरी, पवनी या नावाने."

पहिल्याच वेळी मशीन थांबून विचारतं की या घराची ओळख मला नाही, त्याच्या बोटाचा ठसा असा असा आहे, पुढे जाऊ का? सगळे न वाचता 'येस' म्हणतात. एकदा तरी वाचा. सर्व्हरकडे बसलेल्या माणसाकडून फोनवर ठसा जुळवून घ्या. पुढच्या वेळी मशीन विचारणार नाही, ते ठसा लक्षात ठेवतं. आणि कधी ठसा बदललाच तर मोठ्याने ओरडतं. तेव्हा एक तर तुम्ही सर्व्हर नव्याने बसवला आहे किंवा दुसराच कोणी त्या घराची पाटी लावून बसला आहे.

आत शिरल्यावर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवायची. आता तुम्ही एकाच वेळी दोन घरांत उभे आहात. 'एल-एस' म्हटलं की तिथल्या फाइलींची यादी. त्याच्या आधी आणखी एक एल लावून 'एल-एल-एस' म्हटलं की इथल्या. 'सी-डी' ने तिथलं फोल्डर बदलतं, 'एल-सी-डी' ने इथलं. 'पी-डब्ल्यू-डी' तिथे कुठे उभा आहे ते सांगतं, 'एल-पी-डब्ल्यू-डी' इथे. हा एल लोकलचा, म्हणजे घरचा. नवशिक्यांच्या दहा चुकांतल्या आठ या एका एलच्या असतात. फाइल सापडत नाही म्हणून मशीन तक्रार करतं आणि माणूस दुसऱ्याच घरात शोधत असतो.

मग माल. 'पुट' म्हणजे इथला तिथे ठेव, 'गेट' म्हणजे तिथला इथे आण. पूर्ण फोल्डर द्यायचं तर 'पुट', 'डॅश आर' आणि फोल्डराचं नाव. त्याने आधी 'सी-डी आवक' केलं, मग पुट. खाली ओळ पळू लागली: फाइलचं नाव, किती टक्के, कोणत्या वेगाने, किती वेळ उरला. तो खुर्ची ओढून त्या ओळीकडेच बघत बसला. पहिल्यांदा सगळे बघतात.

मध्येच जोडणी तुटली तर ८ एमबीच्या फोटोचं काही वाटत नाही, पण लग्नाच्या २० जीबीच्या व्हिडिओचं वाटतं. तेव्हा पुन्हा 'पुट' करू नका, 'रीपुट' करा. तिथे जेवढं पोहोचलंय त्याच्या पुढून ते सुरू होतं. उलट दिशेला 'रीगेट'. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल, आणि लग्नाच्या फोल्डरांत असतेच, तर नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचं. नाहीतर एका नावाची दोन नावं समजून मशीन गोंधळतं.

८. काटापावती

मंडईत माल पोहोचला की काटापावती मिळते. निघालेलं वजन आणि पोहोचलेलं वजन जुळलं की झालं. फाइलचं वजन म्हणजे तिचे बाइट, ते 'एल-एस डॅश एल' ने दिसतात. पण वजन सारखं असून माल बदललेला असू शकतो, हे मंडईतल्या माणसाला सांगायला नको. म्हणून बारीक तपासणी हवी. लिनक्समध्ये त्यासाठी 'शा२५६सम' ही आज्ञा आहे. विंडोजमध्ये तेच काम 'सर्टयूटिल' करतं. फाइल वाचून ही आज्ञा ६४ अक्षरांची एक ओळ देते. फाइलमध्ये एक बिंदू जरी बदलला तरी ओळ पार बदलते. दोन्हीकडच्या ओळी जुळल्या की फाइल तीच. रोजच्या फोटोंना मी हे करत नाही, पैसे घेतलेल्या मोठ्या व्हिडिओला करतो.

या तपासणीचं महत्त्व एका खऱ्या गोष्टीने कळतं. व्हीएसएफटीपीडी नावाचा एक एफटीपी सर्व्हर आहे, ख्रिस इव्हान्स यांनी लिहिलेला. नावातच 'अतिसुरक्षित' असा दावा आहे आणि तो बराचसा खराही आहे. २०११ साली त्याची २.३.४ ही आवृत्ती जिथून उतरवायची तिथली मूळ फाइल कोणीतरी बदलून ठेवली. त्या बदललेल्या प्रतीत एक चोरदार होतं. खात्याच्या नावात हसऱ्या चेहऱ्याची खूण, म्हणजे दोन टिंबं आणि कंस, टाकली की ६२०० नंबरचं तुडूम उघडायचं आणि बाहेरच्या माणसाला आतला सगळा ताबा मिळायचा. लेखकाच्या सहीशी पडताळून पाहणाऱ्याला फाइल खोटी असल्याचं लगेच कळलं असतं. प्रोग्राम चांगला होता, वाटेत बदललेली प्रत वाईट होती.

९. भंडाऱ्याचा पत्ता

आतापर्यंतचं सगळं एका राउटरच्या आत झालं. पवनीला परत गेल्यावर त्याने तोच १९२.१६८ चा पत्ता टंकला आणि काहीच झालं नाही. व्हायचंच नव्हतं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायचे असतात, "मधली खोली" म्हटल्यासारखे. माझी मधली खोली वेगळी, तुमची वेगळी. पवनीहून यायचं तर बाहेरचा, जगाला ठाऊक असलेला पत्ता हवा. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. त्यामुळे बऱ्याच जोडण्यांवर, मोबाइलवर तर हमखास, एकच बाहेरचा पत्ता शेकडो गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. चाळीला एकच टपालपेटी. आतून पत्र जातं, बाहेरून तुमच्याच खोलीत यायला वाट नसते.

उपाय दोन. जोडणी देणाऱ्याकडून स्वतंत्र कायमचा पत्ता विकत घ्यायचा आणि राउटरला सांगायचं की २२ नंबरवर येणारं सगळं त्या लॅपटॉपकडे पाठव. किंवा बाहेरचा पत्ता असलेला छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा, महिना काही शे रुपयांपासून मिळतो, आणि वर लिहिलेल्या त्याच आज्ञा त्यावर चालवायच्या. एक अक्षर बदलत नाही. काळ्या खिडकीचा हा मोठा गुण, खिडकीमागे खाटेवरचा लॅपटॉप आहे की हजार मैलांवरचं कपाट, तिला फरक पडत नाही. आम्ही दुसरा उपाय घेतला. पवनीहून 'पुट', भंडाऱ्यात 'गेट', उतरवून झालं की तिथलं 'आर-एम' ने पुसून टाकायचं, कारण भाड्याची जागा लहान.

बाहेरचा पत्ता मिळाला की बाहेरचे लोकही मिळतात. पहिल्याच सकाळी नोंदवही उघडली, तर रात्रभरात शेकडो वेळा दार वाजलेलं. रूट, ॲडमिन, टेस्ट, अशी नावं आणि अंदाजाने टाकलेले पासवर्ड. कोणाचं आपल्यावर लक्ष नसतं, जगभर फिरणारे प्रोग्राम प्रत्येक दाराची कडी हलवून बघत असतात. "१२३४५६" ठेवणाऱ्याचं दार उघडतं.

म्हणून पासवर्ड काढूनच टाकला. 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा पवनीच्या संगणकावर चालवली की जोडीने दोन फाइली तयार होतात, एक कुलूप आणि एक किल्ली. 'डॉट पब' ने संपणारी फाइल म्हणजे कुलूप. ते कोणालाही द्या, व्हॉट्सअॅपवर पाठवा, काही बिघडत नाही. किल्ली पवनीच्या संगणकातून हलवायची नाही. कुलूप सर्व्हरवर पवनीच्या घरातल्या 'डॉट एसएसएच' फोल्डरात, 'ऑथोराइज्ड-कीज' या फाइलीत (इथेही मधली रेघ खालची) चिकटवलं, किल्लीने एकदा आत शिरून खात्री केली, आणि मगच सेटिंगच्या फाइलीत 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' लिहिलं. हा क्रम उलटा केला तर स्वतःच बाहेर राहाल, आणि भाड्याच्या सर्व्हरला मागचं दार शोधत बसाल.

आता तो रात्री दुकान बंद करताना 'पुट डॅश आर' देतो आणि संगणक चालू ठेवून घरी जातो. सकाळी भंडाऱ्यातला जोडीदार चहा पिता पिता फाइली उतरवतो. मागच्या आठवड्यात पवनीवाला वर्गात आला होता. मी म्हटलं, आता काय काम काढलं? तो म्हणाला, अल्बम छापून झाला जी, तो न्यायला आलो. चार वाजताची एसटी धरायची आहे.